चित्र घेणारा कोठें उभा होता?

इतिहासाचें वेड ज्याला एकदां लागलें, त्याला एकट्यानें सुखी होतां येत नाहीं. संगीताचा नादी आपल्याशींच गुणगुणत बसूं शकतो. बागेचा शौकीन आपल्या गुलाबांपाशीं तासन् तास रमतो. इतिहासवेड्या माणसाच्या हातीं मात्र कांहीं नवें लागलें, कीं तें दुसऱ्या कोणाला सांगितल्यावांचून त्याला अन्न गोड लागत नाहीं. पूर्वीं आम्ही एकमेकांस पुस्तकें देत असूं, आणि तीं बहुधा परत येत नसत. आतां माहितीपटांचीं आणि पॉडकास्टचीं नांवें देतों. त्यांत देणाऱ्याचें कांहींच जात नाहीं, ही एक मोठीच सुधारणा म्हणावयाची. गेल्या कांहीं वर्षांत अनेक स्नेह्यांनीं माझ्याजवळ अशी यादी मागितली, आणि दर वेळीं मीं ती उभ्या उभ्या, तोंडीं दिली. आज ती जरा बैठक मारून द्यावी असें मनांत आहे.

यादी म्हटली कीं पहिला क्रमांक कोणाचा, हें वाचक विचारणारच. माझ्या यादींत क्रमांक नाहींत. मात्र एक कसोटी आहे, आणि ती आधीं सांगितली पाहिजे. छापील पुस्तकाला तळटीप असते. लेखक एखादें विधान करतो, आपल्याला शंका येते, आपण पानाच्या पायथ्याशीं नजर टाकतों आणि हें त्यानें कोठून आणलें याचा छडा लावतों. बोलत्या इतिहासाला अशी तळटीप नसते. आवाज गंभीर असला, पाठीमागें सारंगी वाजत असली आणि पडद्यावर सूर्य मावळत असला, म्हणजे ‘कशावरून?’ हा प्रश्न मनांत उठण्यापूर्वींच आपण मान डोलावून मोकळे होतों. कीर्तनांतल्या आख्यानांवर आणि शाहिरांच्या डफावर पोसलेल्या मराठी कानांना ही मोहिनी चांगलीच परिचयाची आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल कागद आणि मागाहून रचलेली बखर यांत भेद करावयास आपण शिकत आलों. तोच भेद डोळ्यांनीं आणि कानांनीं करण्याची विद्या आतां नव्यानें शिकावी लागत आहे.

ती विद्या मला एका बारा वर्षांच्या मुलीनें एका वाक्यांत दिली. ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा १९१६ सालचा मूकपट आम्ही घरीं पाहत होतों. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोघां छायाचित्रकारांनीं फ्रान्समधील रणभूमीवर जाऊन तो घेतलेला आहे. सोमची लढाई १ जुलै १९१६ रोजीं सुरू झाली. त्या एका दिवसांत १९,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक प्राणास मुकले. आणि लढाई चालू असतांनाच, ऑगस्ट महिन्यांत, हा पट इंग्लंडांतील चित्रगृहांत लागला. त्यांत एक प्रसंग आहे. सैनिक खंदकांतून वर चढतात, पुढें निघतात, आणि त्यांतील एकजण कांठावरूनच निपचित खालीं घसरतो. आम्ही सारे स्तब्ध झालों होतों. एवढ्यांत माझी पुतणी म्हणाली, “काका, पण चित्र घेणारा कोठें उभा होता?”

नेमका हाच प्रश्न युद्धपटांच्या अभ्यासकांनीं विचारलेला आहे. खंदक फारच उथळ आहे. सैनिकांच्या पाठीवर सामानाचें ओझें नाहीं. आणि जेथें कॅमेरा उभा आहे तेथें खऱ्या हल्ल्याच्या वेळीं कोणीहि क्षणभर जिवंत राहता ना. तो प्रसंग आघाडीच्या पुष्कळ मागें, शिक्षणाच्या मैदानावर, मुद्दाम घडवून आणलेला होता असा त्यांनीं निर्णय दिला. परंतु त्याच पटांतील जखमींची रांग खरी आहे, सुरुंगाचा तो प्रचंड स्फोट खरा आहे, आणि कॅमेऱ्याकडे वळून पाहणारे ते थकलेले चेहरेहि खरे आहेत. खरें आणि खोटें एकाच पंक्तीला जेवावयास बसलें आहे. विशेष हें, कीं पुढील शंभर वर्षांत कितीतरी माहितीपटांनीं ‘पहिलें महायुद्ध’ म्हणून जो तुकडा उचलला तो हाच. म्हणून माझ्या यादींत हा मूकपट पहिल्यानें येतो. प्रत्येक इतिहासप्रेमी कुटुंबानें तो पाहावा, आणि मुलांना बरोबर घेऊन पाहावा.

तेव्हांपासून पुतणीचा प्रश्न हीच माझी कसोटी झाली आहे. चित्र घेणारा कोठें उभा होता? बोलणारा कोणाच्या छावणींतून बोलतो? आणि ती आपली जागा तो आपल्याला दाखवितो, कीं झांकून ठेवतो?

या कसोटीला उत्तम उतरणारी माला म्हणजे ‘द वर्ल्ड ॲट वॉर’. थेम्स टेलिव्हिजन या ब्रिटिश संस्थेनें १९७३–७४ मध्यें ती २६ भागांत दाखविली. जेरेमी आयझॅक्स तिचे निर्माते आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे निवेदक. फ्रान्समधील ओरादूर या ओसाड गांवापासून तिचा आरंभ होतो. १० जून १९४४ रोजीं जर्मन सैनिकांनीं तेथें सहाशेंहून अधिक माणसें मारलीं, आणि तें गांव पुढें जसेंच्या तसें, भग्न, राखून ठेवलें गेलें. मालेंत हिटलरची चिटणीस बोलते, त्याचा मंत्री आल्बर्ट श्पेअर बोलतो, तसेच साधे खलाशी आणि गृहिणीहि बोलतात. प्रत्येकाच्या तोंडाखालीं त्याचें नांव आणि त्याची त्या वेळची जागा लिहिलेली असते. श्पेअर आपली बाजू सांवरून बोलत आहे हें आपल्याला स्वतःच ओळखतां येतें. त्यांतील बहुतेक साक्षीदार आतां हयात नाहींत, आणि अशी माला पुन्हां कोणालाहि करतां येणार नाहीं. आपल्या वाचकांनीं तिचा चौदावा भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा. तो ब्रह्मदेशांतील युद्धाचा आहे. त्या मोहिमेंत हिंदी शिपाई फार मोठ्या संख्येनें लढले, तरी मालेचा कॅमेरा लंडनच्या अंगणांत उभा आहे हें त्या भागांत सहज जाणवतें. जाणवतें, म्हणूनच त्याचा राग येत नाहीं.

केन बर्न्स यांची ‘द सिव्हिल वॉर’ ही नऊ भागांची माला १९९० मध्यें अमेरिकेंत प्रथम दाखविली गेली. १८६१ ते १८६५ या काळांतील यादवी युद्धाचीं चलच्चित्रें असणें शक्यच नव्हतें; म्हणून बर्न्स यांनीं स्थिर छायाचित्रांवरूनच कॅमेरा हळूहळू फिरविला, आणि वर सैनिकांचीं व त्यांच्या बायकांचीं पत्रें वाचून घेतलीं. इतकी हृदयंगम माला मीं दुसरी पाहिली नाहीं. तिच्यांत एक करुण व्हायोलिनची धून वारंवार येते. ती ऐकून हें त्या मृत सैनिकांच्याच काळचें गाणें असणार असें कोणासहि वाटावें. पण ‘अशोकन फेअरवेल’ नांवाची ती धून जे उंगर या वादकानें १९८२ मध्यें रचलेली आहे. धून कळली म्हणून माला वाईट ठरत नाहीं. मात्र आपल्या डोळ्यांत आलेल्या पाण्यापैकीं कांहीं थेंब १८६२ सालाचे आणि कांहीं १९८२ सालाचे आहेत, एवढा हिशेब रसिकानें मनाशीं ठेवावा.

फ्रेंचांनीं या कलेची किंमत अधिक कडू रीतीनें मोजली. आलां रेने यांचा ‘नाइट अँड फॉग’ हा नाझी छळछावण्यांवरील पट अवघ्या ३२ मिनिटांचा आहे. तो १९५६ मध्यें पडद्यावर आला, तेव्हां परिनिरीक्षकांनीं एका छायाचित्राला हरकत घेतली. त्या चित्रांत ज्यू कैद्यांच्या छावणीवर पहारा करणाऱ्या शिपायाची टोपी दिसत होती, आणि ती टोपी फ्रेंच पोलिसाची होती! शेवटीं ती रंगानें झांकावी लागली. एवढी अडचण एका टोपीची झाली. मार्सेल ओफ्यूल्स यांचा ‘द सॉरो अँड द पिटी’ हा १९६९ चा पट तर चार तासांहून मोठा. क्लेर्मों-फेरां या एका फ्रेंच शहरांतील माणसें जर्मन अंमलांत कशीं वागलीं, हें त्याच माणसांच्या तोंडून त्यांत वदविलें आहे. शूर थोडे, दुष्ट थोडे, आणि खालमानेनें दिवस काढणारे पुष्कळ, असें जें चित्र त्यांतून निघालें तें फ्रान्सच्या दूरचित्रवाणीवर १९८१ पर्यंत येऊं शकलें नाहीं.

क्लोद लान्झमान यांच्या ‘शोआ’चा विचार या सर्वांहून निराळा करावा लागतो. १९८५ चा हा पट नऊ तासांहून अधिक लांबीचा आहे, आणि त्यांत जुन्या काळचें एकहि चलच्चित्र नाहीं. आजचीं माणसें, आजचीं शेतें, आजचे रूळ, आणि बोलणें. आब्राहाम बोंबा नांवाचा एक न्हावी केंस कापतां कापतां बोलत आहे. ट्रेब्लिंका येथें मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या स्त्रियांचे केंस त्याला कापावे लागले होते. बोलतां बोलतां तो थांबतो, पुढें त्याच्यानें बोलवत नाहीं. हा न्हावी त्या वेळीं धंद्यांतून निवृत्त झालेला होता. तें दुकान लान्झमान यांनीं मुद्दाम भाड्यानें घेतलें होतें, आणि पुढें त्यांनीं तें स्वतःच सांगितलें. म्हणजे योजना येथेंहि आहे. परंतु सोमच्या पटांतील योजनेनें न घडलेला प्रसंग घडल्यासारखा दाखविला. या योजनेनें घडलेल्या गोष्टीला बोलण्यासाठीं जागा करून दिली. हा पट एका बैठकींत पाहूं नये, आणि लहान मुलांसमवेत तर नाहींच नाहीं.

सोंग उघडपणें घेतलेलें असेल तर त्याला माझी मुळींच हरकत नाहीं. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची माला दूरदर्शननें १९८८ पासून दाखविली. ती काटेकोर अर्थानें माहितीपट नव्हे; तींत ओम पुरी औरंगजेब होतात आणि नसीरुद्दीन शहा शिवाजी महाराज होतात. परंतु रोशन सेठ हे नेहरूंच्या वेषांत स्वतः आपल्यासमोर येऊन निवेदन करतात, आणि हा सारा भूतकाळ एका विशिष्ट मनुष्याच्या नजरेंतून दिसत आहे याचें विस्मरण कधीं होत नाहीं. ज्या ग्रंथावर ती माला आधारलेली आहे, तो पंडितजींनीं १९४४ मध्यें अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत कैदेंत असतांना लिहिला. सांगणारा कोठें उभा होता, याचें इतकें स्वच्छ उत्तर देणारी माला विरळा.

असो. डोळ्यांविषयीं पुष्कळ झालें. आतां कानांकडे वळूं. पॉडकास्टचा मोठा गुण हा, कीं त्यांत मावळता सूर्य दाखवितां येत नाहीं. बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’ या कार्यक्रमाचें मेल्विन ब्रॅग यांनीं १९९८ पासून २०२५ पर्यंत सूत्रसंचालन केलें, आणि हजाराहून अधिक विषय हाताळले. पद्धति अगदीं साधी: एक विषय, तीन विद्वान्, पाऊण तास, आणि संगीत मुळींच नाहीं. मोगल साम्राज्य, सम्राट् अशोक, भगवद्गीता हे आपले विषयहि त्यांत भेटतात. पॉडकास्टच्या आवृत्तींत मुख्य कार्यक्रम संपल्यावर आणखी कांहीं मिनिटें जोडलेलीं असतात. तेथें पाहुण्यांस विचारतात, कीं सांगावयाचें काय राहून गेलें? मग ते विद्वान् मोकळेपणीं एकमेकांस खोडून काढतात, ‘याचा पुरावा तितकासा पक्का नाहीं’ असेंहि म्हणतात. आणि शेवटीं कोणी तरी आंत येऊन चहा हवा कीं कॉफी, तें विचारतो.

या चहाचें माझ्यावर ऋण आहे. आमच्या घरीं रविवारीं सकाळीं चारपांच स्नेही ऐकावयास जमतात. त्यांतील दोघे चाळीस वर्षांचे सोबती. एक निवृत्त शिक्षक, दुसरे बँकेंतून निवृत्त झालेले. एके दिवशीं मोबाइलवर एक दहा मिनिटांची चित्रफीत आली. तींत पानिपतच्या पराभवाचें सारें खापर एकाच सरदाराच्या माथीं फोडलें होतें. करणाऱ्याचें नांव नव्हतें, आधार नव्हता, नगारे मात्र भरपूर होते. तिच्यावरून दोघांत वाद पेटला, वादांत जात आली, घराणें आलें, आणि तीन महिने दोघांचें बोलणें बंद पडलें. सकाळीं फिरावयास निघाले म्हणजे एक डावीकडून जाई, दुसरा उजवीकडून. रविवारीं मात्र दोघेहि येत, आणि खोलीच्या दोन टोंकांस बसत. अशाच एका रविवारीं तीं शेवटचीं मिनिटें ऐकतांना त्या तीन विद्वानांनीं एकमेकांचीं मतें सपशेल नाकारलीं, आणि लगेच चहाची विचारणा झाली. गुरुजी बँकवाल्यांकडे न पाहतांच म्हणाले, “यांचें बरें आहे हो. भांडतात, आणि चहा घेतात.” क्षणभरानें दुसऱ्या टोंकाकडून उत्तर आलें, “आपल्याकडेहि चहा मिळतो, गुरुजी.”

पानिपतचा वाद मिटला असें मात्र कोणी समजूं नये. तो अजून चालूच आहे, पण आतां त्यांत आधार मागितला जातो. त्या लढाईचा एक प्रसिद्ध वृत्तान्त काशीराज पंडितानें फारशींत लिहिलेला आहे. आणि हा काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरीं, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या छावणींत होता. परवां गुरुजींनीं त्याचा दाखला दिला, तेव्हां दुसऱ्यांनीं शांतपणें विचारलें, “काशीराज कोठें उभा होता, तें आधीं पाहूं.” माझ्या पुतणीचा प्रश्न १७६१ पर्यंत जाऊन पोहोंचला होता.

कानांसाठीं आणखी तीन नांवें देतों. ब्रिटिश म्युझियमचे तेव्हांचे संचालक नील मॅकग्रेगर यांनीं २०१० मध्यें ‘ए हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ ही माला रेडिओवर सादर केली. शंभर वस्तु, प्रत्येकीला सुमारें पाव तास. सिंधु संस्कृतीची मुद्रा, अशोकाच्या स्तंभाचा तुकडा, कुमारगुप्ताचें नाणें. वस्तु दिसत नसतांहि ती हातांत घेतल्यासारखी वाटते. पश्चिम आफ्रिकेंतील बेनिनच्या पितळी फलकाचा भाग अवश्य ऐकावा. १८९७ मध्यें ब्रिटिश फौजेनें बेनिन लुटलें, आणि तसे फलक युरोपांत पोहोंचले. वस्तूचा इतिहास सांगतांना ती येथें कशी आली, हेंहि सांगावें लागतें. तेवढें ऐकून संग्रहालयाच्या कपाटाकडे आपण निराळ्या नजरेनें पाहूं लागतों.

दुसरें नांव सुनील खिलनानी यांच्या ‘इन्कार्नेशन्स’चें. २०१५–१६ मधील या मालेंत पन्नास व्यक्तींच्या चरित्रांतून भारताचा इतिहास सांगितला आहे, आणि मलिक अंबर, शिवाजी महाराज, जोतीराव फुले व डॉ. आंबेडकर हे चौघेहि तींत आहेत. मराठी घरांत आरंभ करावयाचा तर या चार भागांपासून करावा. ज्यांना आपण देव्हाऱ्यांत ठेवतों त्यांची माणसांसारखी विचारपूस झालेली ऐकणें कानाला प्रथम जड जातें, पण प्रकृतीला मानवतें.

तिसरें नांव कविता पुरी यांचें. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत किमान तीस लाख माणसें मेलीं; ‘थ्री मिलियन’ ही त्यांची २०२४ ची माला त्या दुष्काळावर आहे. ज्यांनीं तो भोगला वा डोळ्यांनीं पाहिला, अशा वृद्धांचे आवाज तींत ऐकूं येतात. त्याआधीं २०१७ मध्यें त्यांनीं फाळणीच्या साक्षीदारांचे बोल जमविले होते. त्यांच्या स्वतःच्या वडिलांनीं त्या विषयावर जवळजवळ सत्तर वर्षें मौन पाळलें होतें. हें ऐकल्यावर आपल्या घरांतील वडील माणसांकडे पाहावें. अशीं माणसें बोलतात तेव्हां तळटीप, पुरावा आणि साक्षीदार एकाच खुर्चींत बसलेले असतात. आणि ती खुर्ची फार दिवस भरलेली राहत नाहीं.

ऐकण्यापाहण्याची आमची रीत सांगून टाकतों. आठवड्याला एकच भाग. जवळ नकाशांचें पुस्तक. मध्यें एकदां थांबून सर्वांत धाकट्या श्रोत्याला पहिला प्रश्न विचारण्याचा मान. इंग्रजी भरभर कळत नसेल तर खालीं अक्षरें लावावींत, गति कमी करावी. त्यांत कमीपणा नाहीं. भाग संपल्यावर ‘आवडलें का?’ असें विचारूं नये. ‘यांतलें काय पटलें नाहीं?’ असें विचारावें. चहा नंतर.

शेवटीं एकच दृश्य सुचवितों. जेकब ब्रोनोव्स्की यांची ‘द ॲसेंट ऑफ मॅन’ ही तेरा भागांची माला बीबीसीनें १९७३ मध्यें दाखविली. ती विज्ञानाच्या इतिहासाची आहे. अकराव्या भागांत ज्ञान आणि निश्चितता यांतील अंतर समजावतां समजावतां हे पोलंडांत जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ ऑश्विट्झच्या छावणींतल्या एका तळ्यापाशीं येऊन उभे राहतात. त्यांचे कित्येक आप्त तेथें मारले गेले होते, आणि मृतांची राख त्या तळ्यांत लोटली जात असे. आपल्याला सर्व कांहीं निश्चित ठाऊक आहे या मदानें माणसें येथवर येऊन पोहोंचलीं, असें ते सांगतात. आणि मग बूट-सूटासकट पाण्यांत उतरून तळाचा चिखल मुठींत उचलतात. येथें बोलणारा कोठें उभा आहे, हें विचारावें लागत नाहीं. पाणी त्याच्या बुटांत शिरलेलें आपल्याला दिसतें.

वाचकांपाशींहि अशा याद्या असतीलच. त्या अवश्य कळवाव्या. प्रत्येक नांवापुढें एक ओळ मात्र अधिक लिहावी, सांगणारा कोठें उभा होता त्याची. पुढचे रविवार आम्हांला त्यावर काढतां येतील, आणि गुरुजींना भांडावयास नवा विषय मिळेल.